तंबोरा: मिरजेचा, बटणांचा की फोनमधला?

गाणं शिकायला लागून सहा-आठ महिने झाले की हा प्रश्न येतोच. क्लासला तंबोरा असतो, घरी रियाजाला फोन. कुणी सांगतं, खऱ्या तंबोऱ्याशिवाय सूर लागायचा नाही. कुणी म्हणतं, ॲप असताना पैसे कशाला घालवता? दोघंही आवाजावरून भांडत असतात. निवडताना आधी बघायचं ते वेगळंच: तारा जुळवणार कोण? ॲपमध्ये त्या जुळूनच येतात, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात थोडं काम आपल्याकडे येतं, आणि लाकडी तंबोऱ्यात सगळं आपल्याच कानावर.

ॲप फुकट मिळतं, नाहीतर थोडक्या पैशांत. पट्टी निवडा, पहिली तार पंचमाची, मध्यमाची की निषादाची ते ठरवा, झालं. सूर सहसा पक्का असतो. घोटाळा होतो तो फोनच्या स्पीकरचा. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा जोड, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा, साधारण १३८.६ हर्ट्झला असतो आणि खर्ज, म्हणजे सर्वात खालच्या षड्जाची तार, त्याच्या निम्म्यावर, ६९.३ ला. एवढ्या खालचं फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही. पाया गेला, वरची झणझण उरली. त्या झणझणीला धरून गायला गेलं की आवाज आपोआप बारीक आणि गळ्यातल्या गळ्यात होतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईला त्रास जरा कमी, पण तिचाही खर्ज १०३.८ ला, म्हणजे तोही बुडतोच.

म्हणून ॲप वापरायचं तर सोबत बरा स्पीकर हवाच. ब्लूटूथचा चालतो; आवाज किंचित उशिरा पोचला तरी तंबोऱ्याला तालाची सम नसते, काही बिघडत नाही. स्पीकरमधलं ‘बास बूस्ट’ मात्र बंद करा, नाहीतर खर्ज ढोलासारखा घुमतो आणि पंचम झाकला जातो. हेडफोन लावायचाच तर एक कान मोकळा ठेवा, स्वतःचा आवाज खोलीतून परत ऐकू यायला हवा. फोन एअरप्लेन मोडवर. मंद्रातला षड्ज धरला असताना गॅस सिलिंडरचा मेसेज टुणकन वाजला की पुन्हा पहिल्यापासून.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंगळूरुच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये आणला. आज साधा नवा नग पाचेक हजारांच्या आसपास पडतो. ॲप आणि स्पीकर यांच्यापुढे त्याची खरी जमेची बाजू एकच: तो दुसरं काहीच करत नाही. बटण दाबलं की सूर सुरू. घेताना प्रत्येक तारेचा सूर वेगळा बारीक हलवता येतो का ते विचारा. येत असेल तर पंचम मुद्दाम उतरवायचा आणि कानानं परत आणायचा, हा रोजचा पाच मिनिटांचा अभ्यास करता येतो. येत नसेल तर तो जास्त पैशांचं ॲपच समजा. सेकंडहँड घेताना तिथंच अर्धा तास चालू ठेवा आणि सुरुवातीची पट्टी ट्यूनरवर पुन्हा तपासा. जुन्या यंत्रांत तापल्यावर सूर सरकतो. अडॅप्टरवर घूं असा आवाज आला तर बॅटरीवर लावून बघा. तो थांबला तर दोष अडॅप्टरचा, तेवढा बदला.

आता लाकडी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गाणाऱ्यांना मिरज त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. बरा तंबोरा वीस हजारांच्या पुढे धरून चला. पुरुषी साधारण पाच फूट, बायकी चार. सर्वात महागात पडणारी चूक इथंच होते: घरात दोघं गातात म्हणून एकच घ्यायचा आणि पट्टी चढवत-उतरवत राहायचं. बायकी तंबोरा काळी एकला उतरवला की तारा सैल पडून भसाड्या वाजतात. पुरुषी काळी चारला चढवला की तार तुटते. ऑर्डर देतानाच पट्टी सांगा, तारांची जाडी त्यावर ठरते.

दुकानात दांडी एका डोळ्यानं, बंदुकीसारखी धरून सरळ आहे का बघा. प्रत्येक खुंटी पूर्ण एक फेरा फिरवा. अडकत-उडी मारत फिरली तर सूर तिथं थांबणार नाही. मग चारही तारा एकेक छेडून आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, ऐका. एकीची मध्येच विझली तर घोडीवरची (तारा जिच्यावर टेकतात ती) जवारी, म्हणजे घासून घडवलेला उतार, त्या तारेखाली नीट बसलेली नाही. विकत घेण्याआधी ती दुरुस्त करून मागा.

जुळवण्याचा क्रम असा. आधी जोडाची एक तार षड्जाला आणायची, दुसरी तिच्याशी एकजीव करायची, मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटीनं जवळ आणायचं आणि उरलेलं घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्यानं: मणी खाली सरकवला की सूर चढतो. पंचम हार्मोनियमवरून घेतला तर तो शुद्ध पंचमापेक्षा दोन सेंट उतरलेला असतो (सेंट म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). ऐकायला किरकोळ वाटतं, पण काळी एकच्या जोडाबरोबर छेडलात की साधारण दर दोन सेकंदांना एक संथ लाट हलताना ऐकू येते. मणी केसभर खाली घ्या; लाट लांबत लांबत थांबते, तिथं पंचम. शेवटी घोडीवरचा सुती दोरा, म्हणजे जीवा, तारेखाली अगदी हळू सरकवायचा. एका जागी तार अचानक उघडते आणि खर्जातून न छेडलेला गंधार डोकं वर काढतो. हा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. ‘तुझा गंधार चढतोय’ असं गुरुजी सतत म्हणत असतील तर बऱ्याचदा कारण घरच्या हार्मोनियममध्ये सापडतं.

याच कामाचा कंटाळा येणार असेल तर तंबोरा घेऊ नका. खोळीत गुंडाळून कपाटामागे उभे असलेले तंबोरे घरोघरी आहेत. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, एसीत सुकून सटकतात. सटकणाऱ्या खुंटीला खडू चोळा, तेल कधीच नको. वापरानं घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. ते कारागिराचंच काम, घरी कानस घेऊन बसू नका. जवळपास कारागीर नसेल तर वाद्य पाठवण्याचा खर्चही हिशेबात धरा. भोपळा एकदा आपटला की संपलं. लहान फ्लॅटमध्ये किंवा परदेशी, हिवाळ्यात हीटरनं कोरड्या पडणाऱ्या घरात, बिनभोपळ्याचा बॉक्स तानपुरा जास्त शहाणपणाचा. तीनेक फुटांचा असतो, आवाजाला गोलाई कमी, पण तारा जुळवायचं शिक्षण तेच.

आमचं मत: पहिलं वर्ष ॲप आणि बरा स्पीकर. ज्यांना रोज फोन हातात घ्यायचाच नाही, त्यांनी इलेक्ट्रॉनिक घ्यावा. दुसऱ्याचा तंबोरा कुणाच्या मदतीशिवाय दहा मिनिटांत लावता यायला लागला की मिरजेला जा. आणि गेलात तर सुट्या तारांचा एक संच आणि जीव्यासाठी सुती दोऱ्याचं रीळ घेऊनच या, कारण तार तुटते ती नेमकी रविवारी सकाळी.