ठोसे मोजायचे कुठे: रिंगजवळ की व्हिडिओवर?

नाशिकच्या बॉक्सिंग स्पर्धेत रिंगजवळ मोजायचं तर दोघं बसवा. प्रत्येकाने एकाच बॉक्सरवर नजर ठेवायची. अमेरिकेतली ठोसे मोजणारी कंपनी कॉम्प्युबॉक्स 1985 पासून हेच करते: जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) किंवा जोरकस ठोसा, लागला किंवा हुकला, अशा कीबोर्डवरच्या चार कळा. असं मोजलं की फेरी संपताच आकडा बॉक्सरच्या कोपऱ्यात हजर. पण ग्लोव्हजवर अडलेला ठोसाही घाईत ‘लागला’मध्ये जातो, झटापटीत पोटावरचे सुटतात. त्यात प्रेक्षक ओरडले की बोट आपोआप दाबलं जातं!

मोबाइलचा व्हिडिओ पाव वेगाने पाहिला तर चुका बऱ्याच घटतात. मात्र तीन मिनिटांच्या फेरीला बारा मिनिटं जातात, आणि रेफरीच्या पाठीआडचं दिसत नाहीच. सरावासाठी आम्ही व्हिडिओच घेऊ. निकालाला दोन्ही अपुरे, कारण ठोशाचा जोर आकड्यात उतरत नाही. हौशी बॉक्सिंगनेही 2013 मध्ये कळा दाबून गुण देणं सोडलं.