पांढरे ठिपके, निळी बाटली आणि माझे २९,३०० रुपये

घरात कोणालाच पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतो: २९,३०० रुपये. तेही खायच्या माशांवर नव्हे, बघायच्या. गोव्यात, आमच्या फोंड्यात, हे वाक्य तोंडातून निघालं की समोरचा आधी हसतो, म्हणून इतके महिने गप्प होतो.

दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. क्लाउन माशांची जोडी, एक कोरल ब्युटी मासा, दोन क्लीनर कोळंब्या, आठ-दहा गोगलगायी. दीड वर्ष बरं चाललं होतं. जुलैत कोरल ब्युटीच्या पंखांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले. इच, म्हणजे परजीवीचा रोग. त्याच आठवड्यात दगडांवर केसाळ हिरवं शेवाळ वाढलं आणि कोपऱ्यात दोन एप्टेशिया, म्हणजे तणासारखे पसरणारे समुद्रफुलासारखे जीव, उगवलेले. तीन दुखणी एकदम आली की माणूस तिन्हींवर मिळून एकच औषध शोधतो. असं गिऱ्हाईक ज्याला हवं असतं, तो मासेवाला माझ्या फोनमध्ये आधीच होता. दगड आणि मासे त्याच्याकडूनच घेतले होते. दुकान नाही, बोर्ड नाही. व्हॉट्सॲप आणि स्कूटरवर थर्माकोलचा खोका, एवढाच पसारा.

तो आला, टॉर्च मारली, मान हलवली. बघायचे हजार रुपये. मग पिशवीतून मिनरल वॉटरची अर्ध्या लिटरची बाटली काढली. लेबल खरवडलेलं, आत निळंशार द्रव. "इंपोर्टेड आहे, सर. रीफ सेफ, म्हणजे प्रवाळ-कोळंबीलाही धोका नाही. ठिपके, शेवाळ, एप्टेशिया, सगळं साफ." किंमत २,४००.

आता ऐका. आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. पावसाच्या तोंडावर पोफळींना सुपारी कुजवणारा कोळेरोग लागू नये म्हणून बोर्डो फवारतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), एक किलो चुना. लहानपणापासून मी त्या निळ्या पिंपाशेजारी उभा राहत आलोय. तो निळा रंग झोपेतही ओळखावा असा. आणि मी बाटली उजेडात धरून काय म्हणालो? "कलर छान आहे." हे वाक्य आठवलं की अजून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

माझ्या बाजूनेही थोडं सांगतो. चौथ्या दिवशी ठिपके गेले! डोळ्यांनी पाहिलं. पुढे कळलं की ते तसेही जातात. इचचा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवसच राहतो, मग गळून वाळूत पडतो, तिथे कोष करून वाढतो आणि शेकड्यांनी परत येतो. मधल्या त्या दिवसांत टाकीत गोमूत्र ओतलं असतं तरी गुण आला असता. या लोकांचा सगळा धंदा त्या मधल्या दिवसांवर चालतो. दहाव्या दिवशी ठिपके दुप्पट. "डोस कमी पडला, सर." दुसरी बाटली, मग तिसरी. ७,२०० झाले.

दुसऱ्या बाटलीनंतर सकाळी एक कोळंबी आडवी. फोटो पाठवला. "कात टाकलीय, सर, चांगली खूण आहे." कोळंबी कात टाकते हे खरंच आहे, आणि टाकलेली कात हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते, म्हणून मीही मानलं. पण कात पोकळ असते हो! हात घालून उचलायची होती. संध्याकाळपर्यंत वास सुटला. गोगलगायी काचेवरून टपटप गळल्या.

मग म्हणे पाणी बदला. ट्रॉलरवाल्याकडून खोल समुद्राचं पाणी, २०० लिटर, लिटरला १८ रुपये. ३,६०० दिले. जुलैत! १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात हे गोव्यातल्या शेंबड्या पोराला माहीत. त्या दुपारी मी स्वतः सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर खात होतो, कारण बाजारात ताजं नुस्तं, म्हणजे मासळी, नव्हतं. खात खात जीपे केलं. नंतर १,६५० चा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, घेतला, तेव्हा ते पाणी १.०१७ निघालं. हवं १.०२५. पावसाळ्यात नदीच्या मुखाशी बादली बुडवली की असंच पाणी मिळतं.

यूव्ही दिवा ६,५००, चार फेऱ्यांचे ४,०००, आणि "नवे मासे बुक करतो" म्हणून ८,००० आगाऊ. त्यानंतर फोन लागला नाही. तोवर टाकीत एक क्लाउन उरला होता.

बाबा कुळागरातून आले, बाटली बघितली, काही बोलले नाहीत. लोखंडी खिळा घेऊन आत बुडवला. काढला तर तांबूस. बोर्डोत मोरचूद जास्त झालंय का ते बघायला कोयता बुडवतात, तीच परीक्षा. "अरे, हे तू दहाव्या वर्षी करायचास," एवढंच म्हणाले.

तांबं इचवर चालतं, हे खोटं नाही. पण वेगळ्या टाकीत, दगड-वाळू न घालता, टेस्ट किटने रोज मोजून. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ असलेल्या टाकीत कधीच नाही. तांबं असलेलं "रीफ सेफ" औषध जगात नसतं. दगड ते शोषून घेतात, म्हणून माझे दगडही गेले.

चौकीवर गेलो. "नुस्तें मेलें म्हूण कंप्लेंट? कितलें किलो आशिल्लें?" मासे मेले म्हणून तक्रार, किती किलो होते? अख्खी चौकी हसली. पैसे तुम्हीच पाठवले, मग फसवणूक कसली, असं वर ऐकवलं. मासळीच्या कार्यालयात सांगितलं की आम्ही खायची मासळी बघतो. जनावरांच्या डॉक्टरांकडे म्हशी रांगेत होत्या. ते निदान सभ्यपणे नाही म्हणाले. ग्राहक तक्रारीसाठी तीन फेऱ्या: पहिल्यांदा बिल नाही, दुसऱ्यांदा समोरच्याचा पत्ता नाही, तिसऱ्यांदा साहेब नाहीत. तीन अर्ध्या रजा गेल्या. पत्ता माझ्याकडे असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? आणि एका हुशार कारकुनाने फोटो बघून विचारलं, "हे दगड कुठले?" कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, 'लाइव्ह रॉक' म्हणून विकतात ते बहुतेक त्यांचेच सांगाडे. म्हणजे फसवला गेलो मी आणि आरोपीही मीच. फाइल उचलून बाहेर पडलो. हे दगड तुम्हाला कोणी देऊ केले तर घेऊ नका, सिरॅमिकचे घ्या. चोराला हे पक्कं माहीत असतं की तुम्ही तक्रार करायला कचराल.

शेवाळाचं म्हणाल तर ते माझंच पाप. नळाचं पाणी आणि दिवसातून तीनदा खाणं. त्याला बाटली नको होती, हात आवरायला हवा होता. एप्टेशिया सुरीने खरवडू नका, तुकड्यातुकड्यातून नवे उगवतात. मीही खरवडले, दोनाचे अकरा झाले. नवा मासा आणला की आधी वेगळ्या टाकीत ठेवा. इच झाल्यावर मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवतात. हे त्याने एकदाही सुचवलं नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

तिसरी बाटली अर्धी उरली आहे. पुरावा म्हणून कपाटात ठेवलीय. अजून कोणी मागितलेली नाही. बाबा म्हणतात, दे इकडे, दोन पोफळींना तरी होईल.