शेजारच्या स्ट्रिंग आपोआप जोडाव्यात, की मध्ये प्लस हवाच?

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतले मजकूर) नुसत्या शेजारी लिहिल्या की जोडून एक होतात. ही सोय सी भाषेकडून आलेली. नवी भाषा रचताना किंवा टीमचे नियम ठरवताना ती ठेवायची का? माझं मत: नव्या भाषेत अजिबात नको, जुन्या भाषेतून मात्र उपटू नये.

आधी धोका बघा:

रंग = [
    'लाल',
    'हिरवा'
    'निळा',
]

'हिरवा'नंतर कॉमा राहिला. यादीत आता दोनच घटक आहेत, 'लाल' आणि 'हिरवानिळा'. एरर येत नाही, कोड चालत राहतो. असा एक बग शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली होती. नसलेला कॉमा डोळ्यांना असल्यासारखाच दिसत राहतो. फंक्शन कॉलमध्ये हीच चूक झाली तर बहुधा आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेलं मूल्य) कमी पडल्याची एरर तरी येते. २०१३ मध्ये खुद्द पायथॉनचे जनक गीदो व्हॅन रॉसम असेच अडकले, आणि ही सोय काढून टाकावी का, असा प्रश्न त्यांनी मांडला. २००७ मधल्या पीईपी ३१२६ चीही (पीईपी म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) हीच मागणी होती. ती फेटाळली गेली.

प्लस सक्तीचा असेल तर कॉमा विसरताच सिंटॅक्स एरर येते. वेगाची चिंता नको, कोडमध्ये थेट लिहिलेल्या स्थिर स्ट्रिंगमधली बेरीज सीपायथॉन (पायथॉनची मुख्य अंमलबजावणी) कंपाइल करतानाच उरकतो.

मग जुन्या भाषेत का काढू नये? हे बघा:

('नमस्कार {}, '
 'तुमचे {} संदेश').फॉरमॅट(नाव, संख्या)

(मेथडचं नाव इथे देवनागरीत लिहिलंय. ती {} च्या जागी क्रमाने नाव आणि संख्या भरते.) कंस असेपर्यंत मध्ये प्लस टाकला तरी चालतं. पण आपोआप जोडणीत कंसाविना लिहिलेल्या अशाच कोडमध्ये प्लस घातला की फॉरमॅट फक्त शेवटच्या तुकड्याला लागतो. पहिला {} तसाच राहतो, आणि वाचणाऱ्याला 'तुमचे मीरा संदेश' दिसतं. म्हणजे एक मूक चूक घालवताना दुसरी घुसते. लाखो ओळींच्या कोडमध्ये हा बदल शोधा-बदला करून होणारा नाही.

डी भाषेने ही जोडणी बंद केली. तिथे स्ट्रिंग जोडायला ~ हे चिन्ह लिहावंच लागतं. नवी भाषा रचत असाल तर तोच रस्ता धरा.

चालू प्रकल्पात लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) लावा. पायलिंट या पायथॉनच्या लिंटरमध्ये ही तपासणी आहे, पण मूळ सेटिंगमध्ये ती एकाच ओळीतली जोडणी पकडते. वरच्या रंगांसारखी ओळींवर पसरलेली यादी तपासायची तर त्यासाठीचा वेगळा पर्याय चालू करावा लागतो. तो आजच करा.