‘लेडी बी गुड’चं मॉडेल किट : जरूर घ्या

सदाशिव पेठेतल्या हॉबीच्या दुकानातून बी-२४डी लिबरेटर बॉम्बरचं १/७२ (म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं) किट आणलं. मला ‘लेडी बी गुड’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सहारात हरवलेलं अमेरिकन विमानच बनवायचं होतं. त्या विमानावरच्या ६४ आकड्याच्या डिकल्स (चिकटवायची चित्रं) किटमध्ये नाहीत, पण दुकानदारकाकांनी आठवड्याभरात मागवून दिल्या.

४ एप्रिल १९४३ला हे विमान लिबियातल्या सोलुक तळावरून नेपल्सच्या मोहिमेवर निघालं. नऊही जणांची ही पहिलीच मोहीम. परतताना रात्री तळ मागे पडला आणि ते सहाराच्या आत उडत राहिले. इंधन संपत आल्यावर सगळ्यांनी उड्या टाकल्या. त्यांच्यातल्या वोरावकाचं पॅराशूट नीट उघडलं नाही. उरलेले आठ जण जेमतेम पाण्यावर उत्तरेकडे चालत राहिले. सहवैमानिक टोनरच्या डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे. १९५८मध्ये तेलाच्या शोधात हिंडणाऱ्यांना विमान दिसलं. मोडलेलं, पण मशीनगन चालू स्थितीत! त्या आठांतल्या मूरचा मृतदेह अधिकृतरीत्या आजवर सापडलेला नाही. हे वाचून मग त्याची जागा रंगवताना हात थबकतोच.

आता किटबद्दल. पंखांचे सांधे सुरेख बसतात, पुटी फारशी लागत नाही. नाकात मात्र गळाच्या शिशाच्या गोळ्या भरपूर भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. वाळवंटी गुलाबी रंग पावसाळ्यात लावू नका, पुण्याच्या दमट हवेत चिकट राहतो. पंखांची रुंदी साडेशेहेचाळीस सेंटीमीटर भरते, तेव्हा कपाटातली जागा आधी मोजून घ्या.