कुपवाड एमआयडीसीतील लेथ वर्कशॉप: तांब्याच्या कॅव्हिटीचे काम

अतिवाहकांचा (फार थंड केल्यावर विजेला जवळजवळ रोध न करणाऱ्या पदार्थांचा) पृष्ठरोध, म्हणजे सूक्ष्मलहरींना त्यांच्या पृष्ठभागाकडून होणारा रोध, मोजण्यासाठी आमच्या सांगलीतील प्रयोगशाळेने या वर्कशॉपकडून ऑक्सिजनमुक्त तांब्याची दंडगोलाकार कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक वारंवारितेच्या सूक्ष्मलहरी आत घुमवणारी पोकळ डबी, करून घेतली. आतला व्यास आणि उंची प्रत्येकी 4 सेंमी असल्याने टीई011 मोडचा (आतल्या लहरींच्या एका ठरावीक रचनेचा) अनुनाद सुमारे 9.9 गिगाहर्ट्झवर येतो. या मोडमध्ये विद्युतप्रवाह झाकणाच्या सांध्यातून जात नाही, म्हणून तिथली किंचित फट खपून जाते. आतल्या पृष्ठभागाला मात्र अशी सवलत नाही, कारण या वारंवारितेला प्रवाह तांब्यात जेमतेम 0.7 मायक्रॉन खोल शिरतो आणि टूलचा प्रत्येक ओरखडा क्यू (अनुनाद किती तीव्र आहे याचे माप) घटवतो. फिनिशिंग खरोखर उत्तम आहे. त्याच वारंवारितेवर येणारा टीएम111 हा दुसरा, नको असलेला मोड बाजूला सारण्यासाठी झाकणाच्या कडेला हवी असलेली खाच पहिल्या खेपेस राहिली (ड्रॉइंगमध्ये ती स्पष्ट होती), ती नंतर विनामूल्य करून मिळाली. तळाला वायबीसीओ या अतिवाहकाची फिल्म बसवून तापमान ती अतिवाहक होते त्या 92 केल्विनच्या खाली, द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनपर्यंत नेल्यावर अनुनादाचे शिखर अपेक्षेप्रमाणे अरुंद झाले. दर वाजवी आहेत. दिलेली तारीख मात्र पाळली जाईल असे गृहीत धरू नये.