जिन्याखालचा हौद आणि त्याची काच: नऊ महिन्यांनंतर

माशांचा हौद भरला गुढीपाडव्याला आणि त्याच्या खिडकीची काच उतरवावी लागली घटस्थापनेच्या आठवड्यात. मधल्या काळात तीन ओळखीच्या घरांना मी ‘बिनधास्त बांधा’ म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे आता सविस्तर लिहिणं मला भाग आहे.

हौद तळमजल्यावर, जिन्याखाली, ७ बाय ४ फूट. पाणी सव्वादोन फूट, म्हणजे १८०० लिटरच्या आसपास. वरच्या मजल्यावर हे करू नका. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून काढतात आणि एवढं पाणी एकटंच चौरस मीटरला ७०० किलोच्या जवळ जातं. हॉलच्या बाजूला ४ बाय दीड फुटांची खिडकी, १२ मिलिमीटर टफन काच. आत आठ गोल्डफिश.

पहिले चार महिने मी खूश होते. श्रावणात खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली रंगाला फुगा आला. नखाने दाबला तर आत ओल. काच बसवणारा म्हणाला, “ताई, पावसाळा आहे, भिंत ओल धरतेच. आणि पाण्याची वाफ होते ती वेगळी.” मलाही ते पटलं. पण पातळी उतरतच राहिली, तेव्हा शेजारच्या वहिनींनी सांगितलेला उपाय केला. बादलीत हौदातलंच पाणी भरलं, बादली हौदात विटांवर ठेवली आणि दोन्हीकडे पेन्सिलने रेघ मारली. दोन दिवसांनी बादली ३ मिलिमीटर उतरली होती, हौद ७. वाफ दोन्हीकडे सारखीच होणार. वरचे ४ मिलिमीटर, म्हणजे दहा लिटर पाणी, भिंतीत गेलं होतं.

मग महिनाभर फोन. आधी “उद्या येतो”, मग “सिलिकॉनचा लॉट खराब होता”. दोनदा बाहेरून नवं सिलिकॉन भरून गेला आणि दोन्ही वेळा पैसे घेतले. मीही तोवर सिलिकॉनलाच दोष देत होते.

दोष बाजूचा होता. त्याने काच घराच्या खिडकीसारखी हॉलच्या बाजूने, अॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवली होती. आमच्या खिडकीवर पाण्याचा रेटा साधारण १७० किलोचा. तो रेटा रात्रंदिवस काचेला भिंतीपासून बाहेर ढकलत होता आणि तिला धरून ठेवायला फक्त सिलिकॉन होतं. तीच काच हौदाच्या आतून, खिडकीच्या कडेवर टेकवून बसवली की पाणीच तिला कडेवर दाबून धरतं. कोणी हौद बांधणार असेल तर गवंड्याला आणि काचवाल्याला एकत्र उभं करून एवढं एकच विचारा: काच कुठून बसवणार? ‘बाहेरून’ म्हणाला तर काम देऊ नका.

आतून बसवायची तर काच भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठी लागते. टफन काच वाढत नाही आणि कापताही येत नाही, म्हणून नवी करून घ्यावी लागली. सव्वीसशे रुपये हकनाक गेले. जुनी काच मी टाकली नाही, ती आता शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर आहे.

दुसऱ्या वेळी कडेला आधी इपॉक्सी दिलं आणि न्यूट्रल सिलिकॉन वापरलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काचेला काच जोडायला उत्तम, पण उघड्या सिमेंटवर नीट धरत नाही. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन तर माशांजवळ आणूच नका. दहा दिवस सुकू दिलं. तोवर मासे निळ्या ड्रममध्ये, एअर पंपासह. लाइट जायची तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा, म्हणून पंप इन्व्हर्टरवर घेतला. तो आजही तिथेच आहे.

फिल्टरबद्दल तक्रार नाही. नळाचं पाणी ड्रममध्ये एक दिवस ठेवून मग घालते. काचेवर चौथ्या दिवशी हिरवा थर येतो, तो जुन्या एटीएम कार्डाने निघतो. ब्लेड कोपऱ्यातल्या सिलिकॉनला लागतं.

इतक्या मनस्तापानंतर खिडकी बुजवून टाकावी असं एकदा वाटलं होतं. अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, नाही म्हटलं. गुडघ्यांमुळे त्यांना हौदात वाकून बघता येत नाही. खुर्ची काचेला लावून बसतात. पाण्यातून बघताना मासा असतो त्याच्या पाऊण अंतरावरच दिसतो, म्हणून त्यांना चष्म्याशिवायही कल्ल्यांची उघडझाप दिसते. शेपटीवर काळा ठिपका असलेला एक मासा त्यांच्या बोटामागे काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. अण्णा बोट उचलतात, तो थांबतो.

बादलीची परीक्षा मी अजून दर पंधरा दिवसांनी घेते. काल दोन्ही रेघांपासून पाणी सारखंच उतरलं होतं.