आधी रेकी शिकावी की फॅमिली कॉन्स्टेलेशन? उपचारक होऊ पाहणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

समग्र उपचाराचे काम शिकायचे ठरवले की बहुतेकांना एका प्रश्नाला सामोरे जावे लागते: रेकीसारखा, हात ठेवून केला जाणारा ऊर्जाउपचार आधी शिकावा, की थेट फॅमिली कॉन्स्टेलेशनकडे, म्हणजे गटातल्या माणसांना कुटुंबीयांचे प्रतिनिधी म्हणून उभे करून नात्यांतला गुंता पाहण्याच्या पद्धतीकडे, वळावे? दोन्हींचे प्रशिक्षण अनेकदा एकाच छताखाली मिळत असल्यामुळे त्या एकाच विद्येच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचा उगम वेगळा आहे, उपचारकाकडून असणारी अपेक्षा वेगळी आहे आणि उपचारक चुकला तर समोरच्याला बसणारी झळही वेगळी आहे. यांतला शेवटचा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि निवड करताना त्याचाच विचार आधी व्हावा असे माझे मत आहे.

रेकीची परंपरा जपानच्या मिकाओ उसुई यांच्यापासून सुरू होते. क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावरील उपवास आणि ध्यानानंतर १९२२ मध्ये त्यांना ही पद्धत गवसली, असे परंपरा सांगते. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी यांच्याकडून ती हावायो ताकाता यांनी हवाईत नेली आणि १९८० मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी बावीस शिक्षक तयार केले. प्रशिक्षणाचे साधारणपणे तीन टप्पे असतात. पहिल्यात दीक्षा आणि हातांच्या स्थिती, दुसऱ्यात चिन्हे आणि दूरस्थ उपचार, तिसऱ्यात शिकवण्याचा अधिकार. पहिला टप्पा एक-दोन दिवसांत पूर्ण होतो. त्यानंतर एकवीस दिवस रोज स्वतःवर उपचार करण्याचा प्रघात आहे. माझ्या दृष्टीने खरे शिक्षण याच एकवीस दिवसांत होते, कारण काहीही न करता स्वतःजवळ बसून राहणे किती अवघड आहे हे तेव्हाच कळते.

सत्रात समोरची व्यक्ती अंगावरच्या कपड्यांसह आडवी होते. उपचारक तिचे डोळे, कानशिले, डोक्याची मागची बाजू, छाती, पोट अशा क्रमाने तीन ते पाच मिनिटे हात ठेवतो किंवा अंगापासून किंचित वर धरतो. निदान करायचे नसते, सल्ला द्यायचा नसतो, व्यक्तीच्या पूर्वायुष्याची चौकशीही करायची नसते. बोलणे जवळजवळ नसल्यामुळे नवशिक्याच्या हातून चुकीचे काही बोलले जाण्याची शक्यताही कमी राहते.

फॅमिली कॉन्स्टेलेशनमध्ये मात्र बोललेल्या वाक्यांवरच सारी भिस्त असते. ही पद्धत रूढ करणारे जर्मन बर्ट हेलिंगर (१९२५–२०१९) आधी कॅथलिक धर्मगुरू होते आणि दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांमध्ये त्यांनी अनेक वर्षे मिशनरी म्हणून काम केले होते. धर्मगुरुपद सोडल्यावर ते मानसोपचाराकडे वळले. मोरेनो यांचे सायकोड्रामा (मनातला प्रसंग अभिनयातून मांडणे), व्हर्जिनिया सॅटिर यांची कुटुंबशिल्पे (माणसांना उभे करून नाती दाखवणे) आणि कुटुंबातील अदृश्य निष्ठांविषयीचे मानसोपचारतज्ज्ञ बोसोरमेनी-नॉज यांचे विचार या पद्धतीत स्पष्ट दिसतात. कुटुंबात जन्मलेल्या प्रत्येकाचे तिथे स्थान असते, आधी आलेल्याचा मान आधी, आणि देण्याघेण्यात समतोल हवा, ही तिची तीन मुख्य सूत्रे आहेत.

प्रतिनिधींची अशी एखादी मांडणी (कॉन्स्टेलेशन) जवळून पाहिली की तिची ताकद लक्षात येते. प्रश्न घेऊन आलेली स्त्री गटातल्या अनोळखी माणसांतून आईसाठी एक, वडिलांसाठी एक आणि स्वतःसाठी एक असे प्रतिनिधी निवडते, त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना खोलीत उभे करते आणि बाजूला जाऊन बसते. थोड्या वेळाने आईची प्रतिनिधी सारखी जमिनीकडे पाहू लागते. जन्मतःच गेलेल्या, घरात कधीही नाव न काढलेल्या एका मुलाचा उल्लेख पुढे येतो आणि त्याच्यासाठी आणखी एक प्रतिनिधी तिथे आणला जातो. ‘तू आमचाच आहेस’ एवढे एकच वाक्य उच्चारले जाते आणि बाजूला बसलेल्या त्या स्त्रीला रडू आवरत नाही. वर्षानुवर्षे मनात साठलेले दुःख अर्ध्या तासात असे मोकळे होऊ शकते, हे या पद्धतीचे मोठे देणे आहे. मात्र त्या मुलाचा उल्लेख त्या स्त्रीने स्वतः केला, की मार्गदर्शकाने तर्काने त्याला तिथे आणले, यावर त्या मांडणीचा सगळा प्रामाणिकपणा अवलंबून असतो. प्रतिनिधीला काय जाणवले यावरून कुटुंबाचा इतिहास सिद्ध होत नाही. हे विसरणारा मार्गदर्शक एखाद्याच्या घरात कधीच न घडलेली घटना त्याच्या मनात कायमची रुजवू शकतो.

पुराव्याच्या बाबतीतही दोन्ही पद्धती सारख्या नाहीत. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात थेरप्युटिक टच या, शरीराभोवतीची ऊर्जा हातांना जाणवते असे मानणाऱ्या रेकीसदृश पद्धतीवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्याआडून आपल्या कोणत्या हाताजवळ दुसऱ्याचा हात आहे, हे एकवीस उपचारकांनी ओळखायचे होते. २८० प्रयत्नांपैकी ४४ टक्केच उत्तरे बरोबर आली, म्हणजे निव्वळ अंदाजाने येतील त्याहूनही थोडी कमी. चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यालाही (वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा) ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. कॉन्स्टेलेशनबाबत हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २०१३ मध्ये २०८ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. तीन दिवसांच्या शिबिरानंतर सहभागींच्या मानसिक स्थितीत प्रतीक्षायादीतल्या (अजून शिबिर न झालेल्या) गटापेक्षा सुधारणा आढळली आणि ती चार महिन्यांनंतरही टिकून होती. तुलना प्रतीक्षायादीशी असल्यामुळे या सुधारणेत मांडणीचा वाटा किती आणि आपुलकीच्या गटात तीन दिवस घालवण्याचा किती, हे त्यातून वेगळे करता येत नाही. ऊर्जाउपचाराने मिळणारी विश्रांती व्यक्तीसाठी खरी आणि मोलाची असते, असे मी मानतो. तो आजार बरा करतो असा दावा मात्र कोणत्याही उपचारकाने करू नये आणि कोणाचेही औषध त्याच्या शब्दावर बंद होऊ नये.

आता धोक्याकडे वळू. हेलिंगर यांची निर्णायक, आज्ञेसारखी विधाने जर्मनीतल्या कौटुंबिक उपचारकांनाच खटकली आणि २००४ च्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात त्यांच्या कार्यपद्धतीपासून फारकत घेतली गेली. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला अत्याचारी नातलगापुढे नमायला लावणे, हा त्यांच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो. एखाद्या सूत्राच्या नावाखाली पीडित व्यक्तीवर क्षमा लादणे हा उपचार नव्हे.

म्हणून ज्यांना समुपदेशनाचा किंवा मानसशास्त्राचा अनुभव नाही, त्यांनी ऊर्जाउपचारापासून सुरुवात करावी. तिथे शांत बसण्याची, स्पर्शाआधी परवानगी घेण्याची आणि आपल्यामुळेच कोणी बरे झाले असे न मानण्याची सवय लागते. पुढे भरल्या खोलीत कोणी हुंदके देत असताना उपचारकाला तीच सावरते. समुपदेशनाचे शिक्षण आधीच झाले असेल, तर रेकीचा टप्पा ओलांडून कॉन्स्टेलेशन शिकायला हरकत नाही. मात्र दोन-चार शिबिरांच्या प्रमाणपत्रावर गट चालवायला घेऊ नये. निदान वर्षभर प्रतिनिधी म्हणून उभे राहावे, मांडणी संपल्यावर भूमिकेतून बाहेर कसे आणले जाते ते अंगवळणी पाडावे आणि पुढेही अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करावे.

शिक्षक निवडताना त्याच्या पदव्यांहून त्याचे काम पाहावे. तीव्र नैराश्य किंवा भ्रम असलेल्या व्यक्तीला तो गटात घेतो की मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, शिबिरानंतरच्या आठवड्यात सहभागींची विचारपूस करतो का, हे विचारून घ्यावे. एखाद्या सहभागीने ‘मला हे वाक्य म्हणायचे नाही’ असे सांगितले, तर तो काय करतो हे विशेष लक्ष देऊन पाहावे. तो तिथेच थांबत असेल तर त्याच्याकडे जरूर शिकावे. नकाराला प्रतिकार ठरवून तो आग्रह धरत असेल, तर शिबिर अर्ध्यावर सोडून यावे.